38,400 मैलांची थाप

7,850 पौंड, एका जुन्या गाडीचे. त्यातले 500 बयाणा म्हणून आदल्या रविवारी आणि उरलेले 7,350 शनिवारी दुपारी साडेतीनला, विकणाऱ्याच्या किचनमध्ये उभं राहून, फोनवरून. रक्कम आधीच सांगून टाकतो, कारण नंतर ज्या ज्या ठिकाणी तक्रार घेऊन गेलो तिथे रक्कम तेवढी तत्परतेने लिहून घेतली गेली. बाकी काही नाही.

गाडी 1991 ची युनोस रोडस्टर, व्ही-स्पेशल. इथे ब्रिटनमध्ये माझदा एमएक्स-5 म्हणून जी विकली गेली, तीच जपानी बाजारातल्या नावाने. हिरवा रंग, टॅन लेदर, नार्डीचं लाकडी स्टिअरिंग. जाहिरातीत लिहिलं होतं: जेन्युइन 38,400 मैल, गंज नाही, पूर्ण एमओटी हिस्टरी (दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीच्या नोंदी), प्रायव्हेट सेल. तीच गाडी, त्याच रंगात, सत्तर-ऐंशी हजार मैल झालेली आणि खालून थोडी खाल्लेली, 4,200 ला मिळत होती. म्हणजे वरचे 3,650 मी फक्त मीटरवरच्या आकड्याचे मोजले. रनिंग कमी दाखवून गाडी विकण्याचा धंदा काय असतो हे कुणाला नव्याने सांगायला नको. मलाही नको होतं, हेच तर दुखतंय.

आता तो क्षण. पावसाची भुरभुर, मी ड्रायव्हर सीटवर, चावी फिरवली, मीटरचे दिवे लागले. ऑइल प्रेशरच्या छोट्या गोल घड्याळावर नजर गेली. त्यावर आकडे नव्हते. खाली एल, वर एच, बस्स. मी ते पाहिलं. फोनमध्ये काढलेल्या फोटोतसुद्धा ते स्पष्ट दिसतंय, रोज बघतो. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये खरं ऑइल प्रेशर गेज असायचं, आकड्यांचं, गाडी रेस केली की काटा चढायचा आणि गरम इंजिन आयडलला आलं की उतरायचा. 1995 च्या सुमारास माझदाने ते काढून शोभेचं बसवलं: प्रेशर आहे की नाही एवढंच कळतं, काटा मध्यावर जाऊन बसतो आणि चेहऱ्यावर एल आणि एच. म्हणजे 1991 च्या गाडीत एल-एच दिसलं की अख्खं क्लस्टर, म्हणजे सगळ्या मीटरांची पाटी, दुसऱ्या, नंतरच्या गाडीचं. इतकं सरळ. हे मला माहीत होतं. आणि त्याच वेळी विकणारा शेजारून सांगत होता, "हे स्टिअरिंग इटालियन आहे बरं का," आणि मी लाकडावरून हात फिरवत होतो.

लाकडी स्टिअरिंगचा आणखी एक तोटा. लेदरचं असतं तर घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागा गुळगुळीत होऊन चमकतात, रनिंग लपत नाही. लाकडावर वॉर्निशचा एक हात मारला की नवं. व्ही-स्पेशलमध्ये गिअरची मूठही लाकडी. तेव्हा या मॉडेलात हात लागतो ती जागा बघू नका, पाय लागतो ती बघा: क्लच पेडलच्या रबराच्या डाव्या कडा, टाच टेकते तिथलं कार्पेट. चढता-उतरताना घासणारी सीटची दाराकडची बाजूही बघा. पेडल रबर अगदी नवीन असतील तर ते आणखी वाईट. 38,000 मैलांना ती बदलायची वेळ येत नाही.

क्लस्टर बदलणं किती सोपं आहे? या पिढीच्या गाडीत स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून येणाऱ्या केबलवर चालतो. कॉम्प्युटर नाही, कुठे आकडा साठवलेला नाही. मोजके स्क्रू, मागचे कनेक्टर, केबल, झालं, अर्ध्या तासाचं काम. जपानी मीटर 180 किलोमीटरचा, इथे मैलांचा हवा, म्हणून आयात करणारे भंगारातल्या इंग्लिश गाडीचं क्लस्टर आणून बसवायचे. त्यात मुळात लबाडी असतेच असं नाही. सरळ माणूस जुना मीटर डिकीत ठेवून देतो आणि अमुक तारखेला इतके किलोमीटर असताना बदलला, अशी चिठ्ठी कागदांत लावतो. चिठ्ठी नसेल तर नव्या मीटरचा आकडा हा त्या भंगारातल्या गाडीचा आकडा. तुमच्या गाडीशी त्याचं काही नातं नाही.

"मग एमओटी हिस्टरी नाही बघितलीस?" बघितली ना! नंबर टाकला की 2005 पासूनच्या सगळ्या तपासण्या सरकारी साइटवर फुकट दिसतात. माझ्या गाडीची पहिली नोंद 2007 ची, 31,200 मैल. तिथून दरवर्षी साधारण चारशे मैलांनी शिस्तीत चढत 38,400. एक आकडा मागे गेलेला नाही. रविवारी उन्हात काढायची गाडी असंच दिसतं, कुणालाही दिसलं असतं. फक्त एवढंच की गाडी 1991 ची, आणि पहिली नोंद सोळा वर्षांनंतरची. आधीची सोळा वर्षं जपानमध्ये, त्या साइटच्या बाहेर. थाप पहिल्या नोंदीच्या आधीच मारली गेली होती, आणि मग अठरा वर्षं सरकारी शिक्क्यानिशी तीच थाप दरवर्षी पुढे लिहिली गेली. इंपोर्ट गाडीची स्वच्छ एमओटी हिस्टरी पहिल्या एमओटीपासूनच स्वच्छ असते. त्याआधीचं जपानी डीरजिस्ट्रेशनचा, म्हणजे तिथली नोंदणी रद्द केल्याचा, कागद सांगेल, आणि गाडी लिलावातून आली असेल तर लिलावाची शीट. शीटवर ग्रेडच्या जागी आर असेल तर अपघातानंतर दुरुस्त केलेली. दोन्ही मागा. "हरवले" म्हणाला तर किंमत सत्तर हजार मैलांची लावा किंवा घरी या. मला "हरवले" म्हणाला. मी मान डोलावली.

खरा आकडा कसा सापडला ते सांगतो. जपानी गॅरेजवाले काम केलं की स्टिकर लावतात. ऑइल बदललं की ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर, टायमिंग बेल्ट बदलला की इंजिनापाशी. दाराच्या खांबावर माझ्या गाडीत आगपेटीएवढा एक चौकोन होता, बोटाला चिकट लागणारा. अठरा वर्षांचा जुना गोंद असा चिकटत नाही, त्यावर धूळ बसून तो काळा पडतो. हा ताजा होता. इंजिनावरचं स्टिकर मात्र काढणाऱ्याला दिसलंच नाही, कारण समोरून जाणारा हवेचा आडवा पाइप काढल्याशिवाय बेल्टच्या कव्हरची ती बाजू दिसत नाही. बेल्ट बदलायला पाइप काढला आणि समोर: हेइसेइ 17, 104,200 किलोमीटर. हेइसेइच्या आकड्यात 1988 मिळवा, म्हणजे 2005. मैलांत 64,750. त्यात इथे चाललेले 7,200 मिळवले की 71,950. मधली दोन वर्षं ती जपानमध्ये किती पळाली, देव जाणे.

म्हणजे बघायला जाल तेव्हा दाराचे खांब, बॉनेटची आतली बाजू, बेल्ट कव्हर, सगळीकडे टॉर्च मारा. जपानी वाचता येत नसेल तर फोनचा कॅमेरा वाचून देतो. स्टिकर नसेल पण गोंदाचा चौकोन असेल तर तोही पुरावाच आहे, फोटो काढा.

आता गंज. मीटरच्या खालोखाल महाग पडलेली गोष्ट ही. हूडवरून, म्हणजे कापडी छतावरून, वाहणारं पाणी सीटमागच्या दोन कोपऱ्यांतल्या भोकांतून नळीने खाली जातं आणि मागच्या चाकाच्या पुढे गाडीखाली पडतं. पानं-माती अडकून नळी तुंबली की पाणी आत तुंबतं आणि दाराखालचा पोकळ पट्टा, म्हणजे सिल, आतून सडतो. बाहेरून पेंट शाबूत, आत चाळण. कमी चाललेली, वर्षानुवर्षं झाडाखाली उभी असलेली गाडी यात जास्त सडते, रोज पळणारी कमी. प्रत्येक भोकात अर्धा लिटर पाणी हळू ओता. खाली धार लागली पाहिजे. थेंब थेंब आलं किंवा आलंच नाही तर सिलकडे वेगळ्या नजरेने बघा. मागच्या चाकाच्या कमानीला आतून बोटं फिरवा, सिलचा मागचा वीतभर भाग अंगठ्याने दाबा, बोटाने वाजवा. पत्रा टणटण वाजतो, लांबी (पुट्टी) भरलेली जागा थबथब वाजते. फ्रिजवरचं चुंबक खिशात ठेवा. लांबीवर ते चिकटत नाही.

आणि खाली ताजं काळं अंडरकोटिंग असेल तर, बाबांनो, ते गंज थांबवायला नाही, झाकायला मारलेलं असतं. माझ्या गाडीची एमओटी विक्रीच्या नऊ दिवस आधी झालेली, एकही शेरा नाही. त्याआधी 2019 ला मात्र शेरा होता: मागचे सिल गंजलेले. 2019 ला गंजलेले सिल वेल्डिंगच्या एकाही बिलाशिवाय बरे कसे झाले? हा प्रश्न विचारला नाही. तपासणारा काही सुटं करून बघत नाही, त्याला ती मुभाच नसते. तो दिसतं ते बघतो, फार तर दाबतो, हलकं खरवडतो किंवा ठोकतो. पास झालेली एमओटी म्हणजे त्या दिवशी रस्त्यावर चालायला परवानगी, याहून जास्त काही नाही.

जॅक लावताना पट्टा कुरकुरला तेव्हा कळलं. दोन्ही बाजूंचे सिल कापून नवा पत्रा: 1,920. पेंट: 650. बेल्ट, वॉटर पंप, ऑइल सील: 540. चार टायर: 296. टायरचं तरी माझं चुकलंच. नक्षी भरपूर होती पण बाजूला 2311 लिहिलेलं, म्हणजे 2011 चा तेविसावा आठवडा. बेरीज 3,406, आणि गाडीची किंमत धरून 11,256.

याच वर्षाची घेणार असाल तर क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, पुली जरूर बघा. 1991 च्या मध्यापर्यंतच्या 1.6 इंजिनांत क्रँकचं नाक, म्हणजे पुढचं टोक, आखूड होतं. पुलीच्या तोंडाशी चार खाचा दिसल्या तर आखूड, आठ तर नंतरचं सुधारलेलं. आखूड नाकाचा बोल्ट बेल्ट बदलताना नीट आवळला नाही की पुली जागेवर धरणाऱ्या लोखंडी चावीची खाच रुंदावते, पुली डगमगते आणि शेवटी क्रँक जातो. इंजिन चालू ठेवून समोरून पुलीकडे टक लावून बघा, ती सरळ फिरली पाहिजे. बेल्ट साठ हजार मैलांना म्हणतात, पण रबराला मैल कळत नाहीत, वर्षं कळतात. खरोखर कमी चाललेल्या गाडीत तो वीस वर्षांचा असू शकतो. तुटला तर या इंजिनात व्हॉल्व्ह वाकत नाहीत, तेवढं एक नशीब. थंड इंजिनाची टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांची) टिकटिक दोन-चार मिनिटांत गेली तर काळजी नको. आणि पोहोचाल तेव्हा बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर तुमच्या आधी कुणीतरी ती टिकटिक घालवून ठेवली आहे.

आता आपल्या रक्षणकर्त्यांबद्दल. पोलिसांकडे गेलो: "हा दिवाणी मामला आहे." बँक: गाडी तुमच्या ताब्यात मिळाली ना, मग हा फ्रॉड नाही, विक्रेत्याशी वाद. ऑक्टोबर 2024 पासून फसवून करवून घेतलेले ट्रान्सफर परत करायची सक्ती बँकांवर आहे, पण "वाद" त्यातून वगळलेले. त्यामुळे गाडी अजिबात न देता पैसे लुबाडले असते तर मी फायद्यात होतो! ग्राहक हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं संगीत ऐकलं, मग एक रेफरन्स नंबर मिळाला. माहिती पुढच्या खात्याकडे जाते, त्या खात्याला वाटलं तर ते संपर्क करतात. तुम्ही त्यांना थेट फोन करू शकत नाही. त्यांना अजून वाटलेलं नाही. फसवणुकीच्या तक्रारीचा ऑनलाइन फॉर्मही भरला. पाच आठवड्यांनी ईमेल: तपासाला पुरेसा धागा नाही. धागा! नाव, पत्ता, बँक खातं, जाहिरात, स्टिकरचा फोटो, सगळं जोडलेलं होतं. आपल्याकडे निदान हवालदार तोंडावर "साहेब, सोडून द्या" म्हणतो. इथे तेच दोन पानी, अतिशय नम्र भाषेत येतं.

मीटर बदलणं हा इथे गुन्हा नाही, लपवून विकणं गुन्हा आहे. पण "मला माहीत नव्हतं" म्हटलं की सिद्ध करायचं तुम्ही. विकणारा डीलर असता तर तीस दिवसांत गाडी परत करता आली असती. प्रायव्हेट माणसाला गाडी जाहिरातीत सांगितल्यासारखी असावी एवढंच बंधन. म्हणून डीलर प्रायव्हेट बनतात. लॉगबुकवर, म्हणजे व्ही5सी या नोंदणीपत्रावर, त्याचं नाव नव्हतं. "भाच्याची गाडी आहे, तो परदेशी असतो." नाव आणि घराचा पत्ता लॉगबुकशी जुळत नसेल तर चहासुद्धा न घेता उठा. मी चहा घेतला.

शेवटी स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांचं दिवाणी कोर्ट. स्वतंत्र इंजिनिअरचा रिपोर्ट 216, दावा 3,866 चा (वरचे 3,650 आणि हे 216), फी 205. फोनवरच्या सक्तीच्या मध्यस्थीत त्याने 400 देऊ केले, "सद्भावना म्हणून". नाही म्हटलं, आता तारखेची वाट बघतोय. दाव्यात माझी खरी भिस्त जाहिरातीवर आहे, आणि ती त्याने पैसे मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी बदलली: "जेन्युइन 38,400" चं "मीटर दाखवतो 38,400" झालं. माझ्याकडे आधीचा स्क्रीनशॉट आहे तो केवळ हिरव्या रंगाचा फोटो आवडला म्हणून काढलेला. तुम्ही बयाणा देण्याआधी अख्खी जाहिरात, तारखेसकट, सेव्ह करा. मायलेज खरं आहे असं त्याच्याकडून मेसेजमध्ये लिहून घ्या.

परवा त्याच गावातून नवी जाहिरात आलीय. निळी, 1992 ची, 41,000 मैल, प्रायव्हेट सेल. मागे तोच पांढरा गॅरेजचा दरवाजा, खालच्या कोपऱ्यात तोच पोचा. फोटो मोठा करून ऑइल प्रेशरचं घड्याळ बघितलं. एल आणि एच.