शिक्षक-नेतृत्व अभ्यासक्रम: नाव देण्याआधी हे वाचा

मत आधीच सांगतो. विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग आणि शेजारच्या दोन तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळा मिळून चालवतात तो वर्षभराचा शिक्षक-नेतृत्व अभ्यासक्रम घेण्यासारखा आहे, पण एकट्याने नाही. एका केंद्रातून, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका गटातून, दोघं जात असतील आणि त्या गटाचे केंद्रप्रमुख मनापासून सोबत असतील, तरच नाव द्या.

जुलैत ३ दिवसांचं निवासी शिबिर, मग मार्चपर्यंत महिन्यातून एक शनिवार, दुपारी १ ते ५. शनिवारी शाळा सकाळची, त्यामुळे वर्ग बुडत नाहीत. तुकडीत २० शिक्षक. प्राध्यापकांनी वर्षभरात प्रत्येकाच्या शाळेला ४ भेटी द्यायच्या असतात. बैठक विद्यापीठात होत नाही, तालुक्यातल्या केंद्रशाळेत होते, आणि हे फार बरं केलंय. मराठवाड्याचे ८ जिल्हे दोन विद्यापीठांत ४-४ वाटलेले आहेत. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या शिक्षकाचं विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस एसटीत. लातूरचं उपकेंद्र त्याला कितीतरी जवळ, पण ते नांदेडच्या विद्यापीठाचं. विद्यापीठानेच तालुक्याला यायचं ठरवलं तर हा प्रश्नच उरत नाही.

नेतृत्व म्हटलं की व्याख्यान, पीपीटी आणि चार्टपेपर डोळ्यांपुढे येतात. इथे पहिल्या शनिवारी प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या २० वह्या आणायच्या असतात. तिसरीची हातच्याची वजाबाकी घ्या. ५२ वजा २७. वह्यांचे तीन ढीग करायचे: २५ लिहिणारे, ३५ लिहिणारे, बाकीचे. ३५ चा ढीग बहुतेक वेळा मोठा निघतो आणि तिथेच खरी चर्चा सुरू होते. काही मुलं २ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून २ वजा करतात. काही मुलं दशक मोडून १२ मधून ७ बरोबर वजा करतात, पण ५ दशकांचे ४ करायला विसरतात. चुका दोन, उत्तर एकच. वही बघून कळतच नाही कोणाचं काय अडलंय. तेच उदाहरण ५२ वजा २८ असं दिलं की उलटं वजा करणारं मूल ३६ लिहितं आणि दशक कमी करायला विसरणारं ३४. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडायला बसवायचं, दुसऱ्याला फक्त मोडलेला दशक खोडून नवा अंक वर लिहायची सवय लावायची. एक अंक बदलला आणि दोन मुलांचे दोन रस्ते दिसले. गणिताच्या प्रशिक्षणात ‘संकल्पना स्पष्ट करा’ असं शंभरदा ऐकून जे होत नाही, ते या एका कागदाने होतं.

पुढची पायरी हाच अभ्यासक्रमाचा गाभा. तोच कागद घेऊन शिक्षकाने आपल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या दरमहाच्या बैठकीत, ४० मिनिटं उभं राहायचं. भाषण द्यायचं नाही, वह्या वाटायच्या आणि विचारायचं, ‘या मुलाने काय विचार केला असेल?’ हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. समोर २५ वर्षं सेवा झालेले गुरुजी बसलेले असतात आणि विचारणाऱ्याकडे कुठलंही पद नसतं. पदाशिवाय माणसं सोबत यावीत, हेच इथे शिकायचं असतं.

वर्गनिरीक्षणाची पद्धतही नीट बसवलेली आहे. तासाआधी १० मिनिटं दोघांनी ठरवायचं, आज नेमकं काय पाहायचं. निरीक्षकाने मुलं काय बोलली, काय केलं एवढंच लिहायचं. ‘छान’, ‘सुधारणा हवी’ हे शब्द बंद. तास संपल्यावर आधी ज्यांचा वर्ग ते बोलणार. तपासणीला कुणी आल्यासारखं वाटलं की सहकारी गप्प होतो आणि पुढच्या वेळी काहीतरी निमित्त सांगतो, म्हणून हे नियम काटेकोर पाळायला हवेत.

आता दुखणी. दुसऱ्याचा वर्ग पाहायला जायचं तर आपला वर्ग कुणी घ्यायचा? बीएडच्या दुसऱ्या वर्षाच्या १६ आठवड्यांच्या आंतरवासितेतले (शाळेत राहून सराव करणारे) छात्राध्यापक वर्ग सांभाळतील, असं उत्तर दिलं जातं. सहावी ते आठवीला ते चालतं. पहिली-दुसरीला नाही, कारण त्यांची तयारी त्या वयाच्या मुलांसाठी झालेलीच नसते. तिथे डीएलएडचे, म्हणजे प्राथमिक शिक्षक पदविकेचे, छात्राध्यापक हवेत. आणि द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक बाहेर, दुसऱ्याकडे दोन-तीन इयत्ता, त्यात छात्राध्यापक एकटा, ही व्यवस्था मुलांवर अन्याय करणारी आहे. अशा शाळांनी निरीक्षण शनिवारच्या परिपाठानंतरच्या पहिल्या तासालाच ठेवावं आणि छात्राध्यापक एकट्यावर वर्ग सोडू नये.

बीड, धाराशिव, जालन्याकडे दुसरी अडचण ऊसतोडीची. दिवाळीनंतर पालक कारखान्यांकडे निघतात, काही मुलं सोबत जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात. जुलैत चाचणी घेतलेला वर्ग मार्चमध्ये तोच नसतो. अभ्यासक्रमाच्या नमुन्यात मात्र सुरुवातीची आणि शेवटची अशा दोनच चाचण्या. मध्येच गेलेल्या-आलेल्या मुलांचा हिशेब त्यात हरवतो आणि चांगलं काम झालेला वर्गही कागदावर मागे दिसतो. दिवाळीची सुट्टी संपल्यावर तिसरी चाचणी घ्या आणि ज्या दोन चाचण्या ताडून पाहायच्या, त्या दोन्हींना हजर असलेल्या मुलांचीच तुलना करा. जाऊन परत आलेल्या मुलांची यादी वेगळी ठेवा, त्यांना तीच पायरी पुन्हा लागते.

प्राध्यापकांच्या ४ भेटींपैकी नोव्हेंबरनंतरच्या २ हमखास लांबतात. विद्यापीठातल्या बढतीत शोधनिबंधाला जे वजन आहे ते शाळाभेटीला नाही, हे त्याचं मूळ कारण. माणसं वाईट नाहीत, पण परीक्षा आल्या की भेट मागे पडते. चारही तारखा जुलैच्या शिबिरातच लिहून घ्याव्यात.

सर्वात वाया जाणारा भाग म्हणजे शेवटचा कृतिसंशोधन अहवाल, म्हणजे आपल्याच वर्गातल्या अडचणीवर केलेल्या कामाचा अहवाल. पाच प्रकरणं, संबंधित साहित्याचा आढावा, ४० पानं. वर्षभर जिवंत काम केलेला शिक्षक इथे येऊन डीटीपीच्या दुकानात जुन्या अहवालांची पानं चाळू लागतो. सहा पानं पुरेत: तीन वह्यांचे फोटो, दोन निरीक्षणाच्या नोंदी, शिक्षण परिषदेत काय ठरलं आणि पुढच्या महिन्यात काय झालं. विभागाने हा नमुना बदललाच पाहिजे.

प्रमाणपत्राबद्दल गैरसमज नको. १२ वर्षांनंतरच्या वरिष्ठ किंवा २४ वर्षांनंतरच्या निवड वेतनश्रेणीसाठी जे प्रशिक्षण लागतं, त्याच्या जागी हे धरलं जात नाही. त्या आशेने येणार असाल तर निराश व्हाल.

नाव देताना गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून वर्षभराच्या सगळ्या शनिवारांचा एकच लेखी आदेश घ्या. दर महिन्याला नवी परवानगी मागायची झाली की निवडणुकीचं काम किंवा ऑनलाइन माहिती भरणं आधी येतं आणि बैठक हुकते. जोडीदार आपल्याच शाळेतला नको, आठ-दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेतला हवा. मे महिन्यात बदल्या होतात, एकाच शाळेतली जोडी फुटली तर तिथलं काम थांबतं. दोन शाळांतली असेल तर निदान एका ठिकाणी वह्यांचे ढीग पुढच्या जूनमध्येही लागत राहतात.