वेट डिस्ट्रिब्युशन हिच : उद्यमनगरात करून घेतलेल्या जोडणीचे परीक्षण

वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे ट्रेलरचे गाडीच्या मागच्या टोकावर येणारे वजन पुढच्या आसावर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटून देणारी जोडणी, हे मूळचे अमेरिकेतील उपकरण आहे. तेथे मोठे ट्रॅव्हल ट्रेलर पिकअपमागे ओढण्याची जुनी पद्धत असल्यामुळे ते बसवून देणारे गावोगावी सापडतात. आपल्याकडे मात्र किट बाहेरून मागवावे लागते आणि पुढचे सगळे आपणच पाहावे लागते. म्हणून हे परीक्षण दोन गोष्टींचे आहे : एक त्या किटचे, आणि दुसरे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका फॅब्रिकेशन वर्कशॉपने ते आमच्या पिकअपला आणि कॅराव्हॅन ट्रेलरला ज्या रीतीने बसवून दिले त्या कामाचे. किट गोल स्प्रिंग बारांचे, साखळीवर ताण घेणारे आणि स्वे कंट्रोलसाठी, म्हणजे ट्रेलरचे हेलकावे रोखण्यासाठी, वेगळी घर्षण दांडी असलेले आहे. या वर्गातील बहुतेक किटे रचनेने सारखीच असल्यामुळे कंपनीपेक्षा प्रकाराबद्दलच लिहिणे अधिक उपयोगाचे ठरेल. मत आधीच सांगतो : सामान उत्तम आहे, सोबतची पुस्तिका अपुरी आहे, आणि या दोहोंमधली दरी उद्यमनगरातील मंडळींनी टेप आणि वजनकाट्याच्या जोरावर भरून काढली.

ट्रेलरचे एकूण वजन भरल्यावर १,४०० किलो आहे आणि त्यापैकी सुमारे १७० किलो, म्हणजे बारा टक्के, पुढच्या दांड्यावरून पिकअपच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्या गोळ्यावर अडकतो त्यावर, येते. अमेरिकन पद्धतीच्या ट्रेलरांत हे प्रमाण दहा ते पंधरा टक्के असावे असे सांगितले जाते, त्यामुळे यात काही वावगे नाही. अडचण अशी की बॉल मागच्या आसाच्या सव्वा मीटरहून अधिक मागे असतो. तेथे पडलेले १७० किलो तेवढेच राहत नाहीत. तरफेच्या न्यायाने ते पुढच्या आसावरचे वजनही उचलून मागे आणतात. शिरोलीकडच्या एका काट्यावर एकेक आस चढवून घेतलेली वजने येथे देतो. ट्रेलर न जोडता पिकअपच्या पुढच्या आसावर १,१८० आणि मागच्यावर ९९० किलो होते. ट्रेलर नुसता बॉलवर टेकवल्यावर पुढचे १,११० आणि मागचे १,२३० झाले. म्हणजे दांड्यावरून आले १७०, पण मागच्या आसावर वाढले २४०. स्टीअरिंग आणि पुढचे ब्रेक ज्या चाकांवर अवलंबून आहेत, त्यांच्यावरून ७० किलो नाहीसे झाले होते. रात्री हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात तेही याच कारणाने.

हिचचे काम येथून सुरू होते. बॉल ज्यावर बसतो त्या हेडमध्ये अडकवलेले दोन स्प्रिंग बार ट्रेलरच्या दांड्याखालून मागे जातात आणि साखळ्यांनी वर ओढून ताणले जातात. हातगाडीचे दांडे वर उचलल्यावर तिचे वजन पुढच्या चाकावर सरकते, तसे हे ताणलेले बार पिकअपच्या मागच्या भागाला आधार देतात आणि वजनाचा काही हिस्सा पुढच्या आसावर, तर काही ट्रेलरच्या चाकांवर परत पाठवतात. बार ताणल्यावर त्याच काट्यावर पुढे १,१५०, मागे १,१७० आणि ट्रेलरच्या आसावर १,२३० ऐवजी १,२५० किलो दिसले. तिन्ही आकड्यांची बेरीज आधीइतकीच, ३,५७० किलो, आहे हे मुद्दाम पाहावे. हिच वजन कमी करत नाही आणि गाडीची ओढण्याची क्षमता वाढवत नाही. पिकअपच्या कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडण्यासाठी कोणी हे उपकरण विकत घेत असेल, तर त्याने ते घेऊ नये.

वर्कशॉपची निवड करताना माझी एक शंका होती. ऊस हंगामात रस्त्यारस्त्यावर दिसणाऱ्या ट्रॉल्या या मंडळींच्या हाताखालून गेलेल्या आहेत, पण त्यांतील बहुतेक चारचाकी असतात आणि त्यांचा पुढचा आस दांड्यासह फिरतो. त्यामुळे उसाचा सगळा भार ट्रॉलीच्या स्वतःच्या चाकांवर राहतो आणि ट्रॅक्टरच्या हुकावर वरून येणारे वजन जवळजवळ नसते. कॅराव्हॅन ट्रेलरची चाके मध्याच्या किंचित मागे असतात आणि दांड्यावरचे वजन हाच त्याच्या स्थैर्याचा आधार असतो, हे ट्रॉलीच्या अनुभवातून कळण्यासारखे नाही. वर्कशॉपच्या मालकांनी मात्र पहिल्याच भेटीत बॉल आणि मागच्या आसामधले अंतर मोजून कागदावर तरफेचे गणित मांडले आणि काट्यावर जाण्यापूर्वीच पुढून साधारण सत्तर किलो उचलले जातील असे सांगितले. माझी शंका तेथेच मिटली.

पहिला खोळंबा मात्र वजनाचा नव्हता, मापाचा होता. आमच्या ट्रेलरचा कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी वाटी, ५० मिलिमीटरचा, आणि किटसोबत आलेला बॉल दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा. नुसत्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही. व्हर्नियर लावल्यावर दिसला. लेथवर बॉल आठ दशांश मिलिमीटरने उतरवणे हे उद्यमनगरात चहा येईपर्यंत होणारे काम आहे आणि तेथील एका कारागिराने ते सुचवलेही. मालकांनी ते ठामपणे नाकारले. वरचा मुलामा जाईल, गोलाई बिघडेल आणि बॉलवर कोरलेली भारमर्यादा निरर्थक होईल, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते बरोबर होते. शेवटी कपलरच दोन इंची मागवून बदलला. आपल्याकडे युरोपीय आणि अमेरिकन मापांचे सुटे भाग एकाच बाजारात मिसळलेले असल्याने किट मागवण्याआधी हे माप घेणे अत्यावश्यक आहे. किटच्या पुस्तिकेत याविषयी एक ओळही नाही.

जोडणीसाठी सपाट जागा लागते आणि वर्कशॉपसमोरचा रस्ता गटाराकडे उतरता आहे, म्हणून काम काट्याच्या आवारातील काँक्रीटवर केले. ट्रेलर पाणसळ लावून समतल केला, त्या स्थितीत कपलरची उंची घेतली आणि बॉल त्याहून थोडा वर राहील अशा भोकांत शँकचे, म्हणजे हेड धरणाऱ्या पोलादी दांड्याचे, बोल्ट बसवले, कारण वजन आल्यावर पिकअप मागून बसणारच. त्यानंतर चारही चाकांच्या कमानींपर्यंतची उंची जमिनीपासून मोजून बॉनेटवर चिकटवलेल्या कागदावर लिहिली. पुढची उंची ट्रेलर नसताना ९०५ मिलिमीटर होती, ट्रेलर टेकल्यावर ९२१ झाली. पुढचे सगळे काम या १६ मिलिमीटरांभोवती फिरते. काट्यावर आकडे दहा-दहा किलोंच्या टप्प्याने दिसत असल्यामुळे बारीक फरक त्यात हरवतात. टेपवर ते स्पष्ट दिसतात. वजनाचा काटा पडताळणीसाठी आणि टेप जोडणीसाठी, ही त्यांची पद्धत मला फार योग्य वाटली.

हेडचा कोन वॉशर घालून बदलता येतो. वॉशर वाढवले की हेड मागे झुकते, बारांची टोके खाली जातात आणि तितक्याच साखळीत अधिक ताण मिळतो. बार वर चढवताना आधी ट्रेलरचा पुढचा जॅक फिरवून कपलरसह पिकअपचा मागचा भाग उचलून घ्यायचा असतो, म्हणजे साखळी धरणारे ब्रॅकेट हलक्या हाताने वर जाते. तसे न करता पाइप लावून जोर काढला आणि ब्रॅकेट निसटले, तर तो पाइप उलटून माणसाला लागू शकतो. म्हणून दुसऱ्या कारागिराला मालकांनी पाइपच्या रेषेतून बाजूला उभे केले होते. बॉलच्या नटाला आणि शँकच्या बोल्टांना टॉर्क पाना लावला गेला, आणि थोडे अंतर चालवून आल्यावर तो पुन्हा लावून पाहिला गेला. ही दुसरी तपासणी मला सांगावी लागली नाही.

खरी चर्चा झाली ती ताण किती ठेवायचा यावर. पिकअप पाण्यासारखी सपाट दिसेपर्यंत, म्हणजे पुढची उंची पुन्हा ९०५ होईपर्यंत, साखळी आवळावी असा कारागिरांचा कल होता. पूर्वी अमेरिकेतही असेच सांगत. आता तेथील अनेक पिकअपच्या पुस्तिका पुढून उचलल्या गेलेल्या भारापैकी सुमारे निम्माच परत आणण्याची सूचना देतात. कारण ताण जास्त झाला की मागचा आस हलका पडतो, आणि वळणावर किंवा ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी सुटतात. त्यामागे चौदाशे किलोंचा ट्रेलर असताना गाडी सावरणे अवघड होते. आम्ही ९१२ वर थांबलो. गाडी मागून किंचित बसलेली दिसते आणि पाहणारे प्रत्येक जण ते बोलून दाखवतात, पण ती तशीच असायला हवी.

स्वे कंट्रोलची दांडी हा किटचा दुबळा भाग आहे. दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये घर्षणाचे अस्तर दाबून ट्रेलरच्या डाव्या-उजव्या हेलकाव्यांना विरोध करणे एवढेच तिचे काम, आणि ते ती करते. पण रिव्हर्स घेताना ती काढून ठेवावी लागते, नाहीतर वाकते. आणि रस्ता निसरडा असेल तर पुस्तिकेनुसार ती सैल करायची असते, कारण ट्रेलर वळणानंतर सरळ होण्याला तिचा अडथळा होतो. गगनबावडा, राधानगरी किंवा आंबा घाटाकडे पावसाळ्यात जाणाऱ्याला ही अट म्हणजे दांडी बहुतेक वेळ सैलच. ज्या हिचमध्ये बार स्वतःच ब्रॅकेटवर घासून हे काम करतात आणि रिव्हर्सला काही काढावे लागत नाही, असा महाग प्रकार आपल्या हवेला अधिक सोयीचा ठरला असता. एक गंमत सांगण्यासारखी आहे. दांडी बसवून झाल्यावर कारागीर ग्रीसचा डबा घेऊन आला आणि म्हणाला, “ह्याला बी मारतो की साहेब, आवाज यायचा नाही.” घर्षणावर चालणाऱ्या वस्तूला ग्रीस लावले तर ती निव्वळ शोभेची उरते, हे समजावल्यावर त्याने हसून डबा बाजूला ठेवला आणि दांडीवर खडूने “ग्रीस नको” असे लिहिले.

हेलकाव्यांचे मूळ बहुधा सामानाच्या मांडणीत असते, हिचमध्ये नव्हे. आमच्या ट्रेलरची पाण्याची टाकी मागच्या टोकाला आहे. ती भरली की दांड्यावरचे वजन घटते आणि ते दहा टक्क्यांखाली गेले की ट्रेलर शेपटासारखा डुलू लागण्याची शक्यता वाढते. वर्कशॉपने टाकी भरलेली आणि रिकामी अशा दोन्ही स्थितींत दांड्याचे वजन घेऊन दिले आणि गॅसची टाकी व अवजारांची पेटी पुढे हलवण्याचा सल्ला दिला. इतर ठिकाणी विचारणा केली तेव्हा सामान कसे भरता हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता.

रस्त्यावरचा फरक स्पष्ट आहे. कागलच्या बाजूला महामार्गावर कंटेनर शेजारून पुढे जातो तेव्हा त्याच्या हवेचा धक्का ट्रेलरला आधी बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. हिच नसताना या क्षणी स्टीअरिंग हलके आणि पोकळ लागत असे, आता ते हातात राहते. घाटातील उतारावर ब्रेक दाबल्यावर गाडी पुढे झुकण्याची रीतही पूर्ववत झाली आहे. तरीही हेलकावे सुरू झालेच तर पिकअपचा ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टीअरिंग सरळ धरायचे आणि ट्रेलरला स्वतंत्र इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर तो हाताने लावायचा. या बाबतीत हिचने चालकाची सुटका केलेली नाही.

तक्रारीही आहेत. पुस्तिकेत सगळी मापे इंच आणि पौंडांत आहेत. वळताना साखळ्या आणि बार असे करकरतात की गावातून जाताना लोक मागे वळून पाहतात. गावांच्या वेशीवरचे उंच गतिरोधक आणि शेतात उतरणारे तीव्र चढउतार या हिचला मानवत नाहीत. पिकअप वर आणि ट्रेलर खाली अशा स्थितीत बारांवर भलताच ताण येतो, म्हणून अशा जागी उतरून बार काढावे लागतात. बार जड आहेत आणि एकट्याने हे रोज करणे कंटाळवाणे होते.

हे किट कोणी घेऊ नये, तेही सांगायला हवे. ज्या गाडीच्या कंपनीने अशा हिचला मनाई केली आहे, किंवा ज्या ट्रेलरला धक्क्याने लागणारे ब्रेक आहेत आणि हिचच्या निर्मात्याने त्यासोबत वापरास स्पष्ट परवानगी दिलेली नाही, तेथे हा विषय सोडून द्यावा. आपल्याकडे सर्रास बसवले जाणारे साध्या पट्टीचे टो हूकही येथे चालत नाहीत. असा हूक फक्त ओढ सहन करतो. हा हिच त्याला पीळ देतो आणि वेल्डिंग त्या पिळाने उकलते. आमच्यासाठी रिसीव्हर, म्हणजे शँक ज्यात घुसतो ती चौकट, चासीच्या दोन्ही बाजूंना बोल्टांनी पकडून नव्याने बनवावा लागला आणि खर्चाचा मोठा भाग त्यातच गेला. वाहनातील बदलांना मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ लागू होते, तेव्हा आरटीओत आधी विचारून घ्यावे.

वर्कशॉपची मजुरी किटच्या किमतीच्या मानाने थोडी होती; वाहतूक आणि सीमाशुल्काने किट त्याच्या मूळ किमतीच्या जवळजवळ दुप्पट पडले. मालकांनी वॉशरांची संख्या, बॉलची उंची आणि चारही कमानींची मापे लिहिलेला कागद प्लॅस्टिकमध्ये घालून दिला आणि दोन्ही साखळ्यांच्या ठरलेल्या कडीला पिवळा रंग लावला. सामान बदलले किंवा पिकअपच्या पाट्यांचे काम केले, तर ती कडी तशीच धरून चालणार नाही, पुन्हा टेप लावावा लागेल, असे त्यांनी बजावले आहे. त्यासाठी वेगळी मजुरी घेतली जाते आणि आदल्या दिवशी फोन करावा लागतो, कारण हंगाम सुरू झाला की काट्याच्या आवारात उसाच्या गाड्यांमुळे जागा मिळत नाही.