रक्त थांबलं म्हणजे औषध लागू पडलं?

आमच्या मामांना लुबाडणाऱ्या माणसाला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये लघवीतून जाणारं रक्त बऱ्याचदा आपोआप थांबतं. दोन-चार दिवस लाल, मग कित्येक आठवडे स्वच्छ, मग पुन्हा लाल. बहुतेकांना दुखतही नाही. मधल्या त्या स्वच्छ दिवसांवर त्याचा धंदा चालतो.

मामा इचलकरंजीचे. उमेदीची वर्षं कापडाच्या डाईंगमध्ये गेली, वर बिडीचं व्यसन. तंबाखूचा धूर हे या रोगाचं सगळ्यात मोठं कारण. रंगाचा संबंधही जुना आहे. फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जनने 1895 मध्येच रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयात गाठी होतात हे दाखवून दिलं होतं. 2022 मध्ये जगभरात सहा लाखांहून जास्त लोकांना हा कॅन्सर झाल्याचा अंदाज आहे आणि त्यात पुरुष बायकांच्या तिपटीहून जास्त. तरी आपल्याकडे लाल लघवी म्हटलं की आधी आठवते ‘उष्णता’, नंतर मुतखडा.

सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीने बघू, गाठ खरवडून काढू, तुकडा तपासायला पाठवू. वरवरची निघाली तर पुढे मूत्राशयात बीसीजीची लस सोडू. त्याच सुमारास पेपरात घातलेलं गुलाबी पत्रक मामींच्या हाती पडलं. ‘मुतखडा, प्रोस्टेट, कॅन्सर. विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज.’ वैद्यराज स्टँडजवळच्या लॉजवर भेटणार होते.

कॉटवर पुड्यांचा ढीग, भिंतीला टेकवलेले पुढाऱ्यांसोबतचे फोटो. सोनोग्राफीचा कागद त्याने उघडूनही पाहिला नाही. विचारलं एवढंच, “रक्त आत्ता चालू आहे का? कधीपासून?” मामी म्हणाल्या, तीन दिवस झाले. “मग चार दिवसांत बंद. नाही झालं तर पैसे परत.”

आणि झालं की बंद! मामींचा मला फोन आला, “दवाखान्यात नुसतं भ्या घातलं बघ रे.” मी उलट बोललो तर त्यांनी फोनच ठेवला. पहिला कोर्स अठरा हजारांचा. दुसरा सुवर्णभस्माचा म्हणून पंचेचाळीस हजारांचा. मध्ये रक्त पुन्हा आलं तेव्हा तो म्हणाला, “विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे.” थांबलं तर औषधाचा गुण, आलं तर रोग निघून चाललाय. दोन्हीकडून तोच खरा.

“चाकू लागला की कॅन्सर पसरतो,” हे त्याचं आवडतं वाक्य. आणि बीसीजीची टिंगल: “टीबीची लस कॅन्सरला देतात, यावरून ओळखा!” ऐकणाऱ्याला पटतं, कारण ते विचित्र वाटतंच. पण 1976 पासून डॉक्टर हाच उपाय वापरत आले आहेत. मूत्राशयात सोडलेल्या बीसीजीने शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि वरवरच्या गाठी परत येण्याचं प्रमाण कमी होतं.

गुठळ्या अडकून लघवीच तुंबली, तेव्हा मामांना रात्री दवाखान्यात हलवलं. गाठ स्नायूत शिरली होती. मूत्राशय काढावं लागलं, आता पोटावर पिशवी असते. सोनोग्राफीच्या वेळी ती किती खोल होती, हे आता कुणीच सांगू शकत नाही आणि त्याचाच त्या माणसाला फायदा आहे. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसलं. खर्चाच्या धास्तीने जे टाळलं होतं ते सरकारी योजनेत झालं, आणि साठवलेले पैसे पुड्यांत गेले.

तक्रार करायला गेलो तर हातात पावती नाही. पुड्यांवर नाव नाही, बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही. फोनवरून पाठवलेले पैसे भलत्याच बाईच्या खात्यावर. उपयोगी पडलं ते गुलाबी पत्रक. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या 1954 च्या कायद्याने कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. तेव्हा असलं पत्रक मिळालं तर रद्दीत टाकू नका, फोटो काढा, उरलेल्या पुड्या जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. आमची दिली आहे, निकाल अजून नाही. दरम्यान एका ओळखीच्याने सांगलीहून तसंच पत्रक पाठवलंय. वैद्यराजांचं नाव वेगळं आहे, फोटो मात्र त्याच माणसाचा.