5 दिवस की 28 दिवस? गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनआधीचं रेडिएशन

एमआरआय झालाय, गाठ भिंतीबाहेर गेलीय, आणि डॉक्टरांनी ‘आधी शेक (म्हणजे रेडिएशन), मग ऑपरेशन’ असं सांगून 28 दिवसांचा लाँग कोर्स की 5 दिवसांचा शॉर्ट कोर्स ते तुमच्यावर सोडलंय, तर हे वाचा. आमच्या घरात दोन्ही झाले. साडूंनी गेल्या वर्षी नागपुरातच 28 दिवसांचा घेतला, मी यंदा मार्चमध्ये 5 दिवसांचा.

माझी पहिली शंका डोसची होती. साडूंना एकूण 50 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं एकक) आणि सोबत कॅपेसिटाबिन या किमोच्या गोळ्या, मला फक्त 25 ग्रे. निम्म्यातच भागवतात की काय? डॉक्टरांनी समजावलं की रोजचा डोस जवळपास तिप्पट असतो, त्यामुळे 25 चा मार नुसत्या बेरजेपेक्षा बराच जास्त बसतो. ते पटलं. पण माझा निर्णय झाला तो वेगळ्याच गोष्टीवर.

शेकाच्या वेळी लघवीची पिशवी, म्हणजे मूत्राशय, भरलेलं ठेवणं. त्यामुळे आतडी वर सरकतात आणि शेकातून वाचतात. म्हणून आधी लघवी करून यायचं, मग अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि नंबर येईपर्यंत थांबायचं. कागदावर सोपं आहे. शेकाची आखणी करायच्या सीटी स्कॅनला गेलो त्या दिवशी मशीनचे नंबर उशिरा चालले होते. पाणी पिऊन बाकावर बसलो. ज्यांना ही गाठ आहे त्यांना सांगायला नको, पोट रिकामं असलं तरी सारखी संडासची कळ येते. वरून भरलेली पिशवी. चाळीस मिनिटांनी उठावंच लागलं, आणि संडासला बसलं की लघवीही थांबत नाही. बाहेर आलो तर टेक्निशियन म्हणाले, ‘काका, पुन्हा बाटली.’ असं दोनदा झालं. शेजारी भंडाऱ्याहून आलेले एक आजोबा होते, त्यांचा एकोणिसावा दिवस. मांड्या आवळून, डोळे मिटून बसले होते. घरी येताना बायकोला म्हटलं, हे मी पाच वेळा करीन, अठ्ठावीस वेळा माझ्याच्यानं होणार नाही.

साडूंनी मात्र ते निभावलं. त्यांना रोजचा त्रास कमी होता. चौथ्या आठवड्यापासून जळजळ आणि थकवा वाढला, गोळ्यांनी तळपाय सोलले, एवढंच. माझं उलट झालं. पाच दिवस आरामात गेले, शनिवारी वाटलं सुटलो, आणि पुढच्या आठवड्यात दिवसातून दहा-बारा वेळा संडास. शॉर्ट कोर्सचा त्रास असा शेक संपल्यावर येतो, हे आधी माहीत असू द्या. दहा दिवसांत ओसरला.

शॉर्ट कोर्सची खरी किंमत पुढच्या किमोत मोजावी लागते. ऑपरेशनआधीच सलाइन आणि गोळ्यांच्या सहा सायकल, म्हणजे फेऱ्या, तीन-तीन आठवड्यांनी. सलाइनमधल्या ऑक्झालिप्लॅटिनमुळे गार काही सहन होत नाही. नागपूरचा मे महिना, पारा 45 ला, आणि माठातल्या पाण्याचा घोट घशात काचेसारखा बोचायचा. कूलरच्या झोतासमोर बसवेना. दर सलाइननंतर पाच-सहा दिवस मी कोमट पाणी पीत होतो. जमलं तर हा टप्पा थंडीत येईल असं पाहा म्हणावं, तर थंडीत नळाचं पाणीही टोचतं. तरी ही किमो आधीच उरकली याचं मला समाधान आहे. साडूंची ऑपरेशननंतर होती. जखम भरत नव्हती, पोटावर संडासची पिशवी नवी होती, दोन सायकल राहूनच गेल्या.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. नेदरलँड्स, स्वीडन वगैरे देशांतल्या रॅपिडो चाचणीत शॉर्ट कोर्स आणि किमोची तुलना लाँग कोर्सशी केली होती. 2021 च्या निकालात ऑपरेशनवेळी गाठ पूर्ण नाहीशी झालेले 28 टक्के निघाले, लाँग कोर्समध्ये 14. लिव्हर-फुफ्फुसात पसरण्याचं प्रमाणही कमी होतं. पण 5 वर्षांनी ओटीपोटात पुन्हा उगवण्याचं प्रमाण शॉर्ट कोर्समध्ये 10 टक्के, लाँगमध्ये 6. म्हणून गाठ अगदी खाली, गुदद्वाराजवळ असेल, किंवा गाठ विरघळली तर ऑपरेशन टाळून नुसतं लक्ष ठेवायचं असा डॉक्टरांचा विचार असेल, तर लाँग कोर्सकडे झुकणाऱ्या डॉक्टरांशी मी वाद घालणार नाही. साडूंची गाठ तशीच खाली होती. माझी गुदद्वारापासून 8 सेंटीमीटर वर.

दोन्हींच्या आधी बायोप्सीवर एमएमआर तपासणी (गाठीच्या पेशींतली डीएनए दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे का ते पाहणारी) झाली का ते विचारा. मोजक्याच रुग्णांत दोष निघतो, पण निघाला तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचा, रस्ता उघडतो आणि हा सगळा हिशोबच बदलतो.

आणि गाठ मधल्या उंचीवर असेल, डॉक्टरांना दोन्ही सारखेच वाटत असतील, तर सही करायच्या आधी एक काम करा. तुम्हाला ज्या वेळेचा नंबर मिळणार आहे, त्या वेळी रेडिएशनच्या मशीनबाहेर तासभर बसून या. घरून निघताना अर्धा लिटर पाणी पिऊन.