जुन्या सागवानी दाराला काय लावावं: ऑइल पेंट की पॉलिश, पितळ की स्टील?

माझ्याकडे दोन दारं होती. एक रत्नागिरीच्या घराचं, दोन झडपांचं, पश्चिमेला तोंड असलेलं. दुसरं पुण्यातल्या फ्लॅटचं, जिन्यात उघडणारं. दोन्ही सागवानी, दोन्ही सारखीच काळवंडलेली. मी एकाच वर्षी दोन्हींना एकच पॉलिश करून घेतलं, आणि तिथे चुकलो. पुण्याचं दार अजून छान आहे. रत्नागिरीच्या दाराचं पॉलिश दुसऱ्या पावसाळ्यानंतर खालच्या पॅनेलवर पांढुरकं पडलं आणि नखाने पापुद्रे निघू लागले.

म्हणून शेडकार्ड उघडण्याआधी दुपारी चार वाजता दारासमोर उभे राहा. ऊन थेट लाकडावर येतं का? पावसाची झड कुठवर पोचते? निम्मा निर्णय तिथेच होतो.

पॉलिश पारदर्शक असतं. उन्हातले अतिनील किरण त्यातून आरपार जातात, खालच्या लाकडाचा वरचा पदर कमकुवत होतो आणि पॉलिशला धरून राहायला घट्ट काही उरत नाही. बाहेरच्या वापराचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, हे लांबवतं, पण थांबवत नाही. मेलामाइन पॉलिश मुळात घरातल्या फर्निचरसाठी. लाखेच्या पॉलिशची झळाळी मला सगळ्यांत आवडते, पण त्यावर पाणी साचून राहिलं की पांढरा डाग पडतो, त्यामुळे ते आतल्या खोल्यांनाच शोभतं. ऑइल पेंटमधलं रंगद्रव्य मात्र ऊन लाकडापर्यंत पोचू देत नाही.

दुसरा फरक पुढच्या खर्चाचा. ऑइल पेंट जुना झाला की वरून पॉलिशपेपर मारून एक हात दिला तरी दार उभं राहतं. पीयू सुटलं की तेवढाच तुकडा दुरुस्त करून भागत नाही. सगळं खरवडून कोऱ्या लाकडापर्यंत जावं लागतं. ऊन-पाऊस खाणाऱ्या दाराला मी आता निःशंकपणे पेंटच सांगेन. लाकडाच्या रेषा झाकल्या जातात याचं वाईट वाटतं, पण दार टिकलं तर रेषाही खाली टिकतात.

जिन्यात किंवा खोल पडवीत असलेल्या दाराला मात्र पॉलिशच करा. अट एकच, लाकूड स्वच्छ हवं. दर दसऱ्याला तोरणासाठी ठोकलेल्या खिळ्यांची भोकं, जुन्या कुलपांच्या खाचा पेंटखाली लांबी (पुट्टी) भरून दिसेनाशा होतात. पॉलिशखाली त्या दिसतातच, आणि भुसा-फेव्हिकॉलने बुजवलेल्या जागा रंग पीत नसल्याने आणखी उठून दिसतात. शिवाय साग तेलकट असतो. पहिला हात देण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून घेतला नाही, तर त्यावर पेंट असो की पॉलिश, दोन्ही नीट धरत नाही.

जुना रंग काढताना एक काळजी घ्या, ती टाळू नकाच. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. कोरडं घासू नका. पाणी मारून वॉटर पेपरने घासा, मास्क लावा आणि लहान मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा.

कड्या-बिजागऱ्यांकडे येऊ. भरीव पितळ काळं पडतं, गंजून खलास होत नाही. चिंचेने किंवा आमसुलाने घासलं की पुन्हा उजळतं. स्टील घासायला लागत नाही, पण कोणतं स्टील हे विचारून घ्या. स्वस्तातलं 202 ग्रेडचं स्टेनलेस स्टील समुद्राच्या हवेत डाग धरतं. 304 बरं, किनाऱ्यालगत 316 उत्तम. लोहचुंबक लावून पारख होत नाही, कारण चुंबक 202 लाही सहसा चिकटत नाही. पितळी मुलामा दिलेल्या वस्तू या दोन्हींपेक्षा कमअस्सल. मुलामा गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि मुलामा परत आणता येत नाही.

पितळी बिजागरीला स्क्रूही पितळीच हवेत, नाहीतर लोखंडी स्क्रूच्या गंजाचे ओघळ उतरतात. पण पितळी स्क्रू मऊ असतात आणि सागात पिळताना तुटतात. आमच्या सुताराने दाखवलेली रीत अशी: आधी भोक पाडायचं, त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू एकदा पिळून काढायचा, मग पितळी स्क्रूला साबण लावून तो बसवायचा. जड झडपेला तीन बिजागऱ्या लावा.

कुलपाचं उत्तर घरात कोण राहतं त्यावर ठरतं. रोजच्या राबत्याच्या फ्लॅटला नाइट लॅच सोयीचं. ते दाराच्या आतल्या अंगावर बसतं, फारसं खोदावं लागत नाही. मॉर्टिस कुलूप दिसायला नेटकं, पण त्यासाठी दाराच्या जाडीत खाच खणावी लागते. पॅनेलच्या दारात मधली आडवी पट्टी जिथे उभ्या पट्टीत कुसवाने (टोकाला काढलेल्या जिभेने) बसते, नेमकी तिथेच ही खाच आली तर सांधा खिळखिळा होतो. कुसू टाळून वर किंवा खाली जागा मिळत असेल तरच मॉर्टिस घ्या. आणि गणपती नि मे महिना सोडला तर बंद असणाऱ्या कोकणातल्या घराला मी जुना कडी-कोयंडा आणि पितळी कुलूपच ठेवलं. न वापरता राहिलेल्या कुलपाच्या आतल्या स्प्रिंगा खारी हवा खाते, आणि ते नेमकं रात्री एसटीतून उतरल्यावर कळतं.

काम दसऱ्यानंतर काढा. पावसात फुगलेलं दार अडतं म्हणून तेव्हाच रंधा मारला, तर उन्हाळ्यात बोटभर फट पडते. आणि दार परत चढवण्याआधी ते आडवं असतानाच वरची आणि खालची कड बघा. रंगारी बहुधा त्या कोऱ्याच सोडतात आणि पाणी तिथूनच चढतं. दोन हात तिथेही द्यायला लावा.