बेताच्या रूपाची 'ब्यूटी'

रॉबिन मॅकिन्ली यांची 'ब्यूटी' ही इंग्रजी कादंबरी १९७८ची. गोष्ट माहितीतलीच आहे, 'ब्यूटी अँड द बीस्ट'ची: व्यापाऱ्याचा धंदा बुडतो, तो वाट चुकून एका वाड्यात शिरतो, मुलीसाठी गुलाब तोडतो आणि वाड्याचा धनी, एक शापित पशू, फुलाच्या बदल्यात मुलगी मागतो. गोव्यात ही अट फारशी अजब वाटायची नाही. राखणदाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या दैवताच्या, जागेतलं काही न विचारता उचलायचं नसतं, हे इथे पोरांनाही ठाऊक असतं.

या गोष्टीचं मॅडम द व्हिलनव्ह यांचं १७४०चं फ्रेंच कथानक ऐसपैस होतं. मॅडम द बोमाँ यांनी १७५६मध्ये ते छाटून मुलांसाठी आटोपशीर केलं, आणि घरोघर पोचली ती हीच आवृत्ती. तिच्यात नायिका पशूकडे निघते तेव्हा दुष्ट बहिणी डोळ्यांना कांदा चोळून रडतात. पुढे ती घरी भेटीला येते तेव्हा तिला परतायला उशीर व्हावा आणि पशूनं तिला खाऊन टाकावं, हा त्यांचा डाव. मॅकिन्लीबाईंनी हा कांदाच काढून टाकला. त्यांच्या ग्रेस आणि होप साध्या, मायाळू. घर त्यामुळे खरं वाटतं, पण सुरुवातीच्या भागात भांडायलाच कुणी उरत नाही. नायिका वाड्यात पोचेपर्यंत बरीच पानं उलटतात. तिथे कंटाळून पुस्तक मिटणारे पुष्कळ निघतील.

मिटू नका. नायिकेचं खरं नाव ऑनर; 'ब्यूटी' हे पाचव्या वर्षी तिनं स्वतःच मागून घेतलेलं, पुढे अंगाला न बसलेलं नाव. मुलगी हडकुळी, पुस्तकवेडी, घोड्यावर जीव लावणारी. वडिलांकडे ती गुलाब नव्हे, गुलाबाचं बी मागते. (बी रुजायला थंडी लागते; आपल्याकडचा माळी कलमच आणायला सांगेल.) वाड्यातलं ग्रंथालय तर कादंबरीचा कळस. तिथे अजून लिहिलीच न गेलेली पुस्तकं आहेत, आणि ती तिच्या काळानंतरचा इंग्रज कवी ब्राउनिंग वाचत बसते. रोज रात्री पशू लग्नाचं विचारतो, ती नाही म्हणते. पहिल्या नकारात भीती असते. पुढे पुढे तोच शब्द उच्चारताना तिला वाईट वाटू लागतं. हा बदल बाईंनी कुठेही समजावून सांगितलेला नाही.

शेवट आधी कळलेला चालत नसेल, तर इथेच थांबा.

खोट शेवटातच आहे. शाप सुटताच पशू देखणा होतो, ते ठीक. पण आरशात पाहावं तर ब्यूटीही सुंदर झालेली! मग इतकी पानं तिच्या रूपाची ती कुरकुर कशासाठी ऐकवली? शिवाय हे सगळं फार घाईत उरकलंय.

लेखिकेनं १९९७मध्ये हीच गोष्ट 'रोझ डॉटर' म्हणून पुन्हा लिहिली, आणि तिथे नायिकेच्या निवडीनं पशू पशूच राहतो. दोन्ही वाचणार असाल तर आधी 'ब्यूटी' घ्या. 'रोझ डॉटर' जड आहे, तिची बागही स्वप्नासारखी गुंतागुंतीची, आणि तिच्यानंतर 'ब्यूटी'तला तो आरसा अधिकच खुपेल.