व्हेक्टरचा ऑनलाइन कोर्स, सिनेटवाला भाग भारीये
बाकी कोर्स ठीकठाक, पण अमेरिकन सिनेटच्या मतांवरचा भाग एकदम कडक. होकाराला १, नकाराला -१, गैरहजर तर ०, झाला सिनेटरचा व्हेक्टर (म्हणजे आकड्यांची क्रमवार यादी), मग दोघांचे आकडे जोडीजोडीने गुणायचे नि बेरीज मारायची, [१, -१, १, ०] आणि [१, १, १, -१] घेतले तर उत्तर १, म्हणजे जेमतेम पटतंय. कोडमध्ये फॉर लूपमध्ये फॉर लूप (लूप म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करणारा कोड), आतला पुढच्या सिनेटरपासून सुरू केला की १०० जणांच्या ४९५० जोड्या, तयार कोडची लायब्ररीबिब्री काही लागत नाही. खटकलं एकच, सारखा दांडी मारणाऱ्याचा स्कोअर शून्याजवळ येतो आणि तो उगाच तटस्थ वाटतो, दोघं हजर होते तेवढ्याच मतदानांनी भागायला हवं हे व्हिडिओत कुठेच सांगत नाहीत राव. लूप येत नसतील तर आधी ते उरका.